तिसरा कप्पा

१

खताच्या ढिगात लोक काय काय टाकतात, याची तुम्हाला कल्पना नाही. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्यांची झाकणं, फळांवरचे चिकट कागद, एकदा तर चक्क इस्त्रीची वायर. बागेच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी आहे: ‘ढिगात फक्त कुजणारा माल.’ पण पाटी वाचायला डोळे लागतात, आणि ते आमचे सभासद घरी ठेवून येतात.

मी जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. घंटीची दोरी माझ्या बसमध्ये नावापुरतीच असायची, कारण माझ्या एका हाकेसरशी ड्रायव्हर ब्रेक मारायचा. निवृत्त झाल्यावर या सामायिक बागेत एक वाफा घेतला आणि खताचं काम आपण होऊन अंगावर घेतलं. कुणी घ्या म्हटलं नव्हतं. पण जो तो हात झटकून मोकळा होत होता आणि ढीग नुसता सडत पडला होता, ते मला बघवेना.

बाग दोन गोदामांच्या मागे आहे. मागच्या भिंतीला लागून जाड फळ्यांचे तीन कप्पे आहेत. घरोघरची सालं, देठं, चहाचा चोथा पहिल्या कप्प्यात पडतो. तो भरला की दाताळ्याने उपसून दुसऱ्यात टाकायचा, आणि तिथला माल तिसऱ्यात. तिसऱ्यात त्यावर रस्त्यावरचा पाला चढत जातो, त्यामुळे तो ढीग माणसाच्या डोक्यावर जातो. पिकलेलं खत नेहमी वरून काढायचं, पायथ्याशी कधीही उकरायचं नाही, कारण ओला ढीग अंगावर बसतो. हा नियम माझाच आहे. सगळ्यांना मी तो ओरडून ओरडून पाठ करायला लावला होता.

दुसरी रीत माझ्या आधीपासूनची. नळाजवळ एक फळी आहे. सालांबरोबर चमचा जातो, सुरी जाते, कुणाच्याही घरून जाते. ढीग उपसताना असं काही निघालं की धुऊन त्या फळीवर ठेवायचं, ज्याचं त्याने गुपचूप उचलायचं. गुपचूप म्हणजे माझी बोलणी खाऊन.

२

त्या दिवशी तिसऱ्या कप्प्यातून एक सोलाणं निघालं. मूठ एका बाजूने जळलेली, त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. ते कुणाचं हे विचारायचीही गरज नव्हती. आमच्या बागेत एक बेकरीवाली आहे, ती वाफ्याच्या कडेला बसून बेकरीसाठी सफरचंदं सोलत असते, आणि हेच सोलाणं तिच्या हातात मी नेहमी पाहिलेलं. आता पात्याची गंजून जाळी झाली होती. मी ते धुतलं आणि तिच्यापुढे धरलं.

“हे घे. लक्ष कुठे असतं गं तुझं? पुढच्या वेळी पोळपाट टाकशील.”

“मावशी, माझं सोलाणं घरी आहे,” ती म्हणाली. “सकाळीच वापरलंय.”

“मग हे काय आकाशातून पडलं?”

दुसऱ्या दिवशी ती घरचं सोलाणं घेऊन आली. आम्ही दोन्ही फळीवर शेजारी शेजारी ठेवली. तोच डाग, तशीच गुंडाळलेली तार, तारेचं टोक तसंच आत खुपसलेलं. एक चकचकीत, दुसरं गंजून गेलेलं. तिला हसू फुटलं. “जुळी आहेत हो!” म्हणाली. मला हसू आलं नाही. कुणीतरी आपली थट्टा करतंय, असं माझ्या मनात आलं आणि डोक्यात तिडीक गेली. खताच्या ढिगात मुद्दाम लोखंड पुरायचं म्हणजे काय! कुणाचा हात कापला असता!

पुढे काही आठवड्यांनी ती नळाशी भेटली तेव्हा सहज म्हणाली, “मावशी, माझं सोलाणं खरंच हरवलं हो. सालांबरोबर गेलं बहुतेक. परवाच्या टोपलीत.”

परवाच्या टोपलीतला माल पहिल्या कप्प्यात वरच होता. मी तो सगळा थर चाळणीतून काढला. सफरचंदाची सालं होती, लांबलचक, एका सलग फितीत सोललेली. सोलाणं नव्हतं.

३

दातांच्या डॉक्टरांचा एक म्हातारा कुत्रा होता. डॉक्टर वाफा खणत असले की तो बाकाखाली पडून असायचा, किंवा माझ्या पायावर, कारण माझे बूट ढिगात उभं राहून गरम झालेले असत. कुत्री बागेत आणू नयेत असा ठराव मीच मांडला होता आणि हरले होते. हे कुत्र्याला कुणी सांगितलं नसावं.

तिसऱ्या कप्प्यातून गळपट्टा निघाला तेव्हा तो माझ्या पायावरच होता. पट्ट्याचं कातडं कुजून चिंध्या झालेलं. पितळी बिल्ला मात्र शाबूत, कडेला चावल्याच्या खुणा असलेला. मी खाली वाकले. त्याच्या गळ्यात पट्टा होता. बिल्ल्याच्या कडेला त्याच खुणा होत्या, त्याच्याच लहानपणच्या दातांच्या. मी दोन्ही बिल्ले एकमेकांना टेकवून पाहिले. कुत्र्याने माझा हात चाटला.

मी तडक सचिवांकडे गेले. आमचे सचिव म्हणजे हिशेब तपासण्यात हयात गेलेला गृहस्थ, हत्यारांच्या खोलीत खुर्ची टाकून बसलेला असतो. “कुणीतरी चाळे करतंय,” मी म्हटलं. “आधी सोलाणं, आता हे. बघा, बिल्ल्यावर दात उठवून आणलेत! एवढा रिकामा वेळ कुणाकडे आहे, ते शोधा.”

“बाई, आपल्याला भाजी पिकवायची आहे की गुन्हे शोधायचे आहेत?” ते म्हणाले, आणि पुन्हा बियांची पाकिटं लावू लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कुत्रा गेला त्यानंतर काही दिवसांनी. डॉक्टर सकाळी माझ्यापाशी आले, डोळे सुजलेले. “ताई, रागावू नका,” म्हणाले. “पहाटे मी त्याला पहिल्या कप्प्यात ठेवलं. खाली पाला घातला, वर पाला घातला. त्याला तिथली ऊब आवडायची.”

रागावू नका! लोक त्या खतात पालक लावतात! मी सचिवांना ओढत आणलं, डॉक्टरांच्या हातात ढकलगाडी दिली आणि पहिला कप्पा उपसायला घेतला. वरचा पाला निघाला, त्याखाली सालं, भुसा, पुन्हा पाला. अखेर खालच्या फरशीवर दाताळं खणखणलं. कुत्रा नव्हता. केस नव्हता, पट्टा नव्हता.

डॉक्टर फरशीकडे बघत उकिडवे बसले. “मी या हातांनी ठेवलं,” एवढंच म्हणत राहिले. सचिव मला बाजूला घेऊन कुजबुजले की दुःखात माणसाचं भान सुटतं. मी कुजबुजत नाही. मी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं की तुम्ही खोटं बोलताय.

४

आता आमच्या यांच्याबद्दल सांगायला हवं. हे घड्याळं दुरुस्त करायचे. जन्मभर एका डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून बसलेला माणूस. दुकान बंद केलं त्याच सुमाराला उजवा कान गेला, डावा आधीच गेलेला होता. उजव्या कानात एक छोटं मशीन बसवलं. ते कुठेही ठेवून विसरायचे म्हणून मी त्यावर नखांच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता, पटकन दिसावा म्हणून.

भांडायला यांच्यासारखा नालायक माणूस नाही. मी तोंड उघडलं की हे गालात हसत, मशीन काढून टेबलावर ठेवत आणि हातातलं काम पुढे चालू करत. माझा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाई, यांना सोडून. घरात भाजी निवडणं, सालं काढणं आणि सालांची बादली बागेत नेऊन ओतणं ही यांची कामं. तेवढ्यासाठी रोज एक फेरी मारायचे. बाकी बागेत यांना रस नव्हता, खताचा वास तर मुळीच आवडायचा नाही.

त्या सकाळी मी तिसऱ्या कप्प्याच्या माथ्यावरून खत काढत होते. गार हवा होती, ढिगातून वाफ निघत होती. दाताळ्याच्या दातात काहीतरी अडकून आलं. वालाच्या दाण्याएवढं, मळकट. मी ते अंगठ्याने पुसलं. मळाखाली लाल ठिपका होता.

मी ते फळीवर ठेवलं नाही. रुमालात गुंडाळून ॲप्रनच्या खिशात घातलं आणि घरी निघाले. वाटेत यांना काय काय सुनवायचं ते ठरवत होते. एवढं महागाचं मशीन, चार महिने वाट बघून मिळालेलं, आणि सालांत टाकून मोकळे!

हे खिडकीपाशी बसून पेपर वाचत होते. मशीन कानात होतं.

मी रुमाल उघडून समोर ठेवला. यांनी बघितलं, उठले, खणातून भिंग काढून डोळ्याला लावलं. कानातलं काढून शेजारी ठेवलं. बराच वेळ एकदा हे, एकदा ते बघत राहिले. मशीन काढलेलं असल्यामुळे मला काही विचारताही येईना. मग यांनी आपलं पुन्हा कानात घातलं.

“माझंच आहे,” हे म्हणाले. अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाला बिघाड सांगावा तसे. “हा ओरखडा माझ्या चिमट्याचा. गेल्याच आठवड्यात पडला. दोन्हीवर आहे.”

“असं कसं असेल? वेड लागलंय का तुम्हाला?”

“सेलसुद्धा नाही यात. जागा पार खाऊन गेलीय,” म्हणत यांनी ते मळकं मशीन तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली.

मुठीतून शिट्टी आली. कानातलं मशीन हातात दाबलं की बारीक शिट्टी वाजते, ज्यांच्या घरी आहे त्यांना माहीत असेल. तशीच, बारीक, लांबत गेलेली. मी ऐकली. यांनी पण ऐकली, कारण यांनी मूठ उचलून कानाजवळ नेली आणि मान थोडी कलती केली, टेलिफोनवर लांबचा आवाज ऐकताना करतो तशी.

“काय ऐकताय?” मी विचारलं.

“काही नाही,” हे म्हणाले. पण ते म्हणायला यांनी वेळ लावला.

५

मी कुणाला घाबरणारी बाई नाही. रात्रपाळीच्या बसमध्ये झिंगलेल्यांना मी कॉलर धरून खाली उतरवलंय. ते मळकं मशीन मी पुन्हा रुमालात बांधून ॲप्रनच्या खिशात ठेवलं, घरभर येरझाऱ्या घातल्या आणि स्वतःशीच वाद घातला. दोन मशीनं असू शकतात. एकाच कारखान्यातली. लाल रंग कुणीही लावेल. ओरखड्याला काय, ओरखडे पडतातच. आणि शिट्टी? कुठेतरी गंजलेल्या तारेत थोडी वीज राहिली असेल. एवढं सगळं जुळवून आणलं की प्रत्येक गोष्टीला उत्तर सापडत होतं. पण सोलाणं निघालं आणि मग हरवलं, पट्टा निघाला आणि मग कुत्रा गेला, ही रांग काही केल्या मोडेना.

बरं, मशीन हरवेल. हरवू दे. दुसरं घेऊ. मशीन म्हणजे काही माणूस नव्हे.

दुसऱ्या सकाळी मी सचिवांना सांगितलं की तिसरा कप्पा ट्रकात भरून बाहेर टाकून द्या. सगळा. आजच्या आज. त्यावर जो गिल्ला झाला तो काय सांगू! लावणी तोंडावर आली होती, वर्षाचं खत त्या कप्प्यात होतं. जे लोक एरवी ढिगाकडे नाक मुरडून बघत, ते आता त्याच्यासाठी माझ्या अंगावर धावून आले. बेकरीवालीसुद्धा म्हणाली, “मावशी, असं काय करता, माझी रोपं तयार आहेत.” डॉक्टर तेवढे काही बोलले नाहीत. कुत्रा गेल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते.

“कारण तरी सांगा,” सचिव म्हणाले.

कारण काय सांगणार? मी म्हटलं, “माझा नवरा आहे, म्हणून,” आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले.

सगळे गेल्यावर मी दाताळं उचललं. वरून काढत बसायला मला सवड नव्हती. आत आणखी काय आहे ते मला बघायचंच होतं, आणि जे असेल ते सगळ्यात जुनं म्हणून सगळ्यात खाली असणार होतं. मी पुढच्या दोन फळ्या काढल्या आणि पायथ्याशी उकरायला सुरुवात केली. होय, मी. नियम मोडतेय हे कळत होतं, आणि तेवढ्याने राग आणखी वाढत होता, की माझ्यावर ही पाळी आणलीच का?

आत खत काळं आणि मऊ होतं. भगदाड हातभर खोल झालं तेव्हा पट्ट्याचं बक्कल निघालं. यांनी दुकानातल्या जुन्या पितळी पत्र्याचं स्वतः कापून घासलेलं, असं दुसरं जगात नाही. निघताना मी ते यांच्या कमरेला पाहिलं होतं.

बक्कल खिशात टाकलं. दाताळं आत जाईना म्हणून हात घातला, पार खांद्यापर्यंत, गाल ढिगाला टेकवून. आत ऊब होती, ढिगात असतेच. मी बोटांनी चाचपत होते. मूळ लागलं असं वाटलं. मग ते माझ्या बोटांभोवती मिटलं. जोर काहीच नव्हता. गर्दीत रस्ता ओलांडताना हे माझा हात धरतात आणि आता चल म्हणून दोनदा हलकेच दाबतात. आतल्याने तसंच दोनदा दाबलं.

मी हात कसा ओढून काढला ते आठवत नाही. दाताळं, फळ्या, भगदाड, सगळं तसंच टाकून मी घर गाठलं.

६

हे स्वयंपाकघरात होते. टेबलावर पेपर पसरून बटाटे सोलत बसले होते. कमरेला पट्टा होता, पट्ट्याला बक्कल होतं. मला बघून म्हणाले, “अगं, हात बघ तुझे. आधी धू.”

“उद्यापासून तुम्ही बागेत जायचं नाही,” मी म्हणाले.

“बरं.”

“बरं नाही. शपथ घ्या. बादली मी नेईन. त्या दारातसुद्धा पाय टाकायचा नाही.”

“पण झालं काय?”

मी सांगायला गेले. सोलाणं, पट्टा, कुत्रा. बक्कल काढून टेबलावर आपटलं. पण मी घाबरले की माझा आवाज चढतो, हा माझा जन्माचा दोष. सांगण्याचं ओरडणं झालं, आणि ओरडण्यात तुम्ही कधी माझं ऐकलंय का, तुम्हाला माझी किंमत आहे का, असलं सगळं मागचं पुढचं येत गेलं. हे बक्कल हातात घेऊन बघत होते. मग ते खाली ठेवलं, माझ्याकडे बघून गालात हसले, आणि यांचा हात कानाकडे गेला.

“काढू नका!” मी किंचाळले. “आज काढायचं नाही!”

काढलंच. ठेवलं टेबलावर, कुठे ते मी बघितलंही नाही. माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं होतं. मी तिथे जीव तोडून सांगतेय आणि हा माणूस कान काढून ठेवतो! मी पेपर चारी बाजूंनी गोळा केला, सालांसकट बादलीत कोंबला, झाकण आपटलं, बक्कल उचलून खिशात टाकलं, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पलंगावर बसून मी रडले. रागाने रडले.

थोड्या वेळाने दारावर बोटाने वाजवल्याचा आवाज आला. मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तरी ऐकू कुठे जाणार होतं! मग बाहेरचं दार लागलं.

मी तशीच बसून राहिले. दुकानात गेले असतील, माझ्यासाठी काहीतरी गोड आणायला. भांडण झालं की आणायचे.

बाहेर आले तेव्हा टेबल पुसलेलं होतं. सोललेले बटाटे पाण्यात घालून ठेवले होते. मी मशीन शोधलं. टेबलावर, खिडकीत, खणात, यांच्या कोटाच्या खिशात. मग मी बादलीच्या जागेकडे बघितलं. बादली नव्हती. माझा राग शांत व्हावा म्हणून यांनी आपलं रोजचं काम उरकायला घेतलं होतं. माझं एकही वाक्य यांच्या कानापर्यंत गेलं नव्हतं.

७

भर दुपार होती. मी चपला न घालता धावले. गोदामांच्या मधल्या बोळात ट्रक उभा होता, हमाल पोती उतरवत होते, त्यांना ढकलून मी बागेच्या दारात पोचले.

बादली पहिल्या कप्प्यापाशी होती, ओतून झालेली, झाकण शेजारी नीट ठेवलेलं. सालं त्या कप्प्यात पडली होती, मशीन त्या सालांत होतं. ते हरवल्याचं कळून हे शोधत असते, तर तिथे शोधायला हवं होतं. पण हे तिथे नव्हते.

हे तिसऱ्या कप्प्यापुढे गुडघ्यांवर होते. उजवा हात खांद्यापर्यंत माझ्या भगदाडात, गाल ढिगाला टेकलेला, तोंड माझ्याकडे. वर सगळा ओला पाला पुढे झुकलेला होता.

मी हाक मारली. आयुष्यात मारली नव्हती एवढ्या मोठ्याने. बोळातले हमाल पोती टाकून बाहेर आले. हत्यारांच्या खोलीतून सचिव आले. पलीकडच्या रस्त्यावरची एक गाडी थांबली. सगळ्या जगाने ऐकली.

यांनी मान वळवली नाही. पण हे कुणाचंतरी ऐकत होते. मान थोडी कलती केली होती, ओठांवर ते गालातलं हसू होतं, आणि मधेच होकार दिल्यासारखी मान हलत होती. मी धावत होते. वाफ्यांमधून, रोपं तुडवत. एवढी जवळ आले की यांचा आवाज ऐकू आला.

“अगं, येतोय ना,” हे म्हणाले. “ओढतेस कशाला?”

अगं असं हे फक्त मला म्हणतात.

मग ढीग बसला. आवाजही फार झाला नाही.

८

हमाल, सचिव, माझा आरडाओरडा ऐकून धावत आलेली बेकरीवाली, डॉक्टर, सगळे तुटून पडले. दाताळी लागतील म्हणून मी ओरडून दाताळी टाकायला लावली आणि आम्ही हातांनी उपसलं. पाल्याचा थर पटकन निघाला. त्याखाली खत. मी यांना हाका मारत होते आणि उपसत होते. कुणीतरी मला मागे ओढलं, मी त्याला ढकललं. खत, खत, नुसतं खत, मऊ, काळं, सारखं. भिंतीपर्यंत गेलो. फरशीपर्यंत गेलो. फरशीवर गांडुळं होती.

सगळ्यांत आधी डॉक्टर थांबले. हात खाली सोडून फरशीकडे बघत उभे राहिले, आणि मग माझ्याकडे बघितलं.

सचिव म्हणाले, “बाई, तुम्ही नीट पाहिलंत ना? की ते आधीच बाहेर पडले असतील? रागावून गेले असतील कुठेतरी?” वर हमालांकडे वळून, “तुम्ही कुणी पाहिलंत का त्यांना?” हमाल एकमेकांकडे बघू लागले. ते आणि सचिव माझ्या मागे होते, त्यांना फक्त माझी पाठ दिसत होती. मी नीट पाहिलं का म्हणे! चाळीस वर्षांचा संसार, आणि हा हिशेबनीस मला विचारतो, नीट पाहिलंत ना! मी खिशात हात घातला. रुमालात मशीन होतं, शेजारी बक्कल होतं. मला एकदम कळलं की आता कितीही उपसलं तरी काही मिळणार नाही. जे निघायचं होतं ते आधीच निघालं होतं आणि माझ्याकडे होतं. मी फरशीवर बसले.

पोलिसांना बोलवायला बेकरीवाली गेली. बाकीचे काय करावं ते न कळून उभे होते. आमच्याभोवती तिसऱ्या कप्प्याचं सगळं खत बागेत पसरलं होतं. सचिव वाकले. मूठभर खत उचललं, बोटांत चुरलं, नाकाशी नेलं. आम्हा बागवाल्यांची ही सवयच आहे, हातात खत आलं की ते पिकलंय का हे बघायचंच, लक्षात येण्याआधी हात नाकापाशी गेलेला असतो.

“छान झालंय,” ते म्हणाले. मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते हात झटकायला लागले.

“झटकू नका!” मी ओरडले.

ते जागीच थिजले. मी उठले, त्यांच्यापाशी गेले आणि त्यांची मूठ दोन्ही हातांनी धरली.

“खाली ठेवा,” मी म्हणाले. “हळू. होतं तिथे.”

त्यांनी ठेवलं. बोटांना थोडं चिकटून राहिलं होतं, ते मी ॲप्रनने एकेका बोटावरून पुसून घेतलं.